किलिमांजारोला निघण्यापूर्वी: आधी दिवस मोजा, मग सामान

हान्स मायर गुहेपाशी, ५१०० मीटरच्या वर, आमच्या मुख्य गाईडनं मला थांबवलं आणि सरळ रेषेत दहा पावलं चालून दाखवायला सांगितलं. चौथ्या पावलाला माझा तोल डावीकडे गेला. तो शांतपणे म्हणाला, "दादा, ट्वेन्डे चिनी." स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. ताई, खाली जाऊया. पहाटेचे साडेतीन वाजले होते आणि शिखर अजून सातशेहून जास्त मीटर वर होतं. आम्ही वळलो.

माझे पाय दुखत नव्हते. महिन्यापूर्वीच मी कात्रज ते सिंहगड ही रात्रीची तेरा टेकड्यांची चाल आरामात केली होती. कमी पडले ते दिवस. स्वस्तात मिळतोय म्हणून मी पाच दिवसांचा बेत घेतला होता. दोन वर्षांनी आठ दिवसांच्या वाटेनं गेले तेव्हा उहुरू शिखरावर पोहोचले आणि माझ्या पायांवर उतरून आले. पहिल्यांदाच आफ्रिकेतल्या या डोंगरावर जायचं ठरवणाऱ्यांसाठी हे सगळं लिहिते आहे. किलिमांजारो दोराशिवाय, बर्फाच्या कुऱ्हाडीशिवाय, नुसतं चालून चढता येतो. त्यामुळेच त्याच्या उंचीला लोक कमी लेखतात.

डोंगर कसा आहे

टांझानियाच्या उत्तरेला, विषुववृत्ताच्या जेमतेम तीन अंश दक्षिणेला हा ज्वालामुखी उभा आहे. खरं तर तीन ज्वालामुखी एकमेकांना चिकटलेले: शिरा, मावेंझी आणि किबो. शिरा कोसळून त्याचं पठार झालं आहे, मावेंझी (५१४९ मीटर) कातळी आणि फक्त गिर्यारोहकांचा. आपण जातो ते किबोवर. त्याच्या मुखाच्या काठावरचा सर्वांत उंच बिंदू म्हणजे उहुरू, ५८९५ मीटर. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. किबो सुप्त आहे, मेलेला नाही. मुखातून अजून गंधकाच्या वाफा येतात.

आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण तो भेगांमधून वाहून थरावर थर साचलेला. म्हणून आपल्याकडे कडे, पायऱ्या, सोंडा. इथे एकाच नळीतून राख आणि लाव्हा पुन्हा पुन्हा वर येऊन शंकू झाला. म्हणून शेवटचा चढ म्हणजे घसरडी मुरमाड राख: दोन पावलं वर, एक खाली. आणि कळसूबाईचा माथा १६४६ मीटर; लेमोशो नावाच्या वाटेवर आपण चालायला सुरुवातच २००० मीटरच्या वर करतो.

महिना निवडताना आपल्या सुट्ट्या विसरा

मराठी घरांत मोठी सहल मे महिन्यात नाहीतर दिवाळीत बसवायची सवय असते. इथे दोन्ही चुकीचे. मार्च ते मे तिथला मोठा पावसाळा, आणि नोव्हेंबरच्या आसपास छोटा पाऊस. चांगले दिवस म्हणजे जानेवारी-फेब्रुवारी आणि जून ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टला गर्दी सर्वांत जास्त. जानेवारी-फेब्रुवारीत थोडी ऊब असते. माझं मत सप्टेंबर: गर्दी ओसरलेली, आकाश कोरडं, आणि जूनपासूनचा आपला पावसाळा सरावाला मिळतो. ओल्या पायऱ्यांवर तोल सांभाळून उतरायची सवय तिथे फार उपयोगी पडते. गणपती त्यातच येतात हे मान्य. तारखा त्याप्रमाणे पुढेमागे करा.

मग दिनदर्शिकेत पौर्णिमा पाहा. शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते. पौर्णिमेच्या आगेमागे चांदण्यात वाट, हिमनदी, खालचे ढग सगळं दिसतं. बॅटरीच्या इवल्या वर्तुळात सहा तास चालणं आणि चांदण्यात चालणं यात मनाला पडणारा फरक मोठा आहे. फक्त हे सगळ्यांनाच माहीत असल्यानं त्या रात्री रांगही लांब असते.

वाट आणि दिवस

हा भाग घाईनं वाचू नका. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा रोज साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. तुम्ही दिवसा कितीही वर जा, रात्री कुठे झोपता हे महत्त्वाचं. आता मारांगूची पाच दिवसांची वाट पाहा. पहिली रात्र मांडारा, २७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३७२०. तिसरी किबो नावाच्याच तळावर, ४७२०. रोज हजार मीटर! आणि त्याच मध्यरात्री शिखराकडे. मारांगूला लाकडी झोपड्या आहेत, चढ सौम्य आहे, पावसात अंग कोरडं राहतं. म्हणून ती 'सोपी' म्हणून खपते. पायांना ती सोपीच आहे. फुप्फुसांना नाही. मारांगूच हवी असेल तर होरोंबोला एक जादा रात्र काढून सहा दिवस घ्या.

माझी शिफारस लेमोशो, आठ दिवस. पहिली रात्र पावसाळी जंगलात २७०० मीटरच्या आसपास. दुसरी शिरा एक, सुमारे ३५००. तिसरी शिरा दोन, सुमारे ३८५०. चौथा दिवस सगळ्यात शहाणा: दुपारी लाव्हा टॉवरला ४६०० मीटरपर्यंत चढायचं, तिथे डोकं दुखायला लागतं, जेवायचं, आणि मग बारांकोला ३९५० च्या आसपास उतरून झोपायचं. पाचव्या दिवशी बारांकोची भिंत चढून कारांगा, ४००० च्या जवळ. म्हणजे तीन रात्री शरीर जवळजवळ त्याच उंचीवर राहतं आणि रक्त हळूहळू जुळवून घेतं. सहावा दिवस बराफू, ४६५० च्या वर. नाव ऐकूनच कळतं, बराफू म्हणजे बर्फ. सातव्या दिवशी शिखर आणि थेट म्वेकाला ३१०० पर्यंत उतार, आठव्या दिवशी बाहेर.

माचामे ही वाट पुढे याच रस्त्याला मिळते; ती सहा नाही, सात दिवसांची घ्या. रोंगाई उत्तरेकडून, केनियाच्या सीमेजवळून जाते, तिकडे पाऊस कमी. उंब्वे अतिशय उभी आहे, नवख्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये.

बारांकोच्या भिंतीचे फोटो पाहून घाबरू नका. सुमारे अडीचशे मीटरचा कातळ आहे, हात लावावे लागतात, एका जागी दगडाला छाती चिकटवून सरकावं लागतं. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट ज्यांनी केली आहे, त्यांना ती सकाळ ओळखीची वाटेल.

कंपनी, पैसा आणि ओझं वाहणारी माणसं

या डोंगरावर एकट्यानं जाता येत नाही. परवानाधारक गाईड सक्तीचा आहे, आणि दोघांच्या गटाबरोबरही दहाच्या आसपास माणसं चालतात: गाईड, आचारी, हमाल. कारांगानंतर पाणी नाही. बराफूला तुम्ही जो चहा पिता, त्याचं पाणी कुणीतरी डोक्यावर वाहून आणलेलं असतं.

म्हणून किंमत पाहताना हा हिशेब मांडा. मी गेले तेव्हाच्या दरानं उद्यानाचं शुल्क माणशी दिवसाला ७० डॉलर, तंबूचं रात्रीला ५०, बचावशुल्क २०. आठ दिवस आणि सात रात्रींचे ९३० होतात. त्यावर १८ टक्के कर धरला की ११०० च्या आसपास. हे पैसे थेट सरकारकडे जातात, कंपनीला त्यात सूट देता येत नाही. आता कुणी तुम्हाला आठ दिवस १४०० डॉलरमध्ये देत असेल, तर उरलेल्या तीनशेत जेवण, तंबू, गाड्या आणि माणसांचे पगार बसतील कसे? ते हमालाच्या पोटातून कापलेले असतात. निघण्यापूर्वी दर पुन्हा तपासा, पण हिशेबाची रीत हीच ठेवा.

किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट नावाची, पायथ्याच्या मोशी शहरातली संस्था हमालांचे पगार, जेवण, कपडे, तंबू यांवर लक्ष ठेवते आणि नीट वागणाऱ्या कंपन्यांची यादी ठेवते. माझा आग्रह आहे: त्या यादीतूनच कंपनी निवडा. हमालानं २० किलोंपेक्षा जास्त ओझं वाहायचं नाही असा नियम आहे आणि वजनाचा काटा गेटवर असतो. तुमची मोठी पिशवी १५ किलोंच्या आत ठेवा. कंपनीला लेखी विचारा: हमालांना दिवसाला तीन वेळा जेवण मिळतं का, ते कुठे झोपतात, आजारी पडले तर खाली कोण नेतं. उत्तर टाळलं तर पुढचं नाव पाहा.

टीप हा तिथे पगाराचाच भाग आहे. सात-आठ दिवसांसाठी माणशी २५० ते ३५० डॉलर वेगळे काढून ठेवा. ते सर्वांसमोर, कुणाला किती हे मोठ्यानं सांगून द्या.

कागदपत्रं आणि लशी

व्हिसा ऑनलाइन मिळतो. निदान महिनाभर आधी अर्ज करा. मुंबईहून अदिस अबाबामार्गे थेट किलिमांजारो विमानतळ गाठणं सोयीचं. नैरोबीमार्गेही जाता येतं.

पीतज्वराची लस घ्याच. वाटेत इथिओपिया किंवा केनियात बारा तासांहून जास्त थांबलात तर टांझानियात प्रमाणपत्र मागतात. परतताना भारतातही, प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवण्याची तरतूद आहे. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, आधी वेळ घ्यावी लागते, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पायथ्याच्या मोशीत मलेरिया आहे. गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा.

विमा. स्वाहिलीतही त्याला 'बिमा'च म्हणतात. आपल्याकडच्या नेहमीच्या प्रवासविम्यात ठरावीक उंचीवरचं चालणं बहुतेक वेळा वगळलेलं असतं. '६००० मीटरपर्यंत पदभ्रमण आणि हेलिकॉप्टरनं सुटका' हे शब्द कागदावर दिसले तरच पैसे भरा.

प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात १ जून २०१९ पासून बंदी आहे. सामान घरीच कापडी पिशव्यांत भरा. विकतच्या पाण्याच्या बाटल्याही उद्यानात चालत नाहीत.

शरीर

पाच-सहा महिने द्या. आठवड्यातून दोनदा सिंहगडासारखा चढ, पाठीवर सहा-सात किलो. वेगाच्या नोंदी ठेवण्यापेक्षा बोलता बोलता चढता येईल अशा चालीनं चढा, कारण तिथे हीच चाल लागते. महिन्यातून एकदा सलग दोन दिवस चाला, राजगड-तोरणा उत्तम. दमलेल्या पायांवर दुसऱ्या सकाळी उठून निघणं हेच शिकायचं आहे. एक तरी पूर्ण रात्र चालून काढा. उतरण्याचा सराव विसरू नका. शिखराच्या दिवशी २८०० मीटर उतरायचं असतं आणि रडवतात ते गुडघे.

सह्याद्रीत उंचीचा सराव मात्र होत नाही. जमलं तर आधी हिमालयात ४००० मीटरच्या वर एखादी वाट करा. तिथली सवय काही आठवड्यांत ओसरते. मात्र आपलं शरीर उंचीवर कसं वागतं ते कळतं.

सामान

थोडक्यात. अंगाला चिकटून घाम शोषणारा थर, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा, त्यावर जाड पिसांचं जाकीट, सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारं. सुती काही नको. उणे १५ अंशांची स्लीपिंग बॅग आणि पिसांचं जाकीट मोशीत भाड्यानं मिळतं. एकदाच लागणाऱ्या गोष्टी विकत घेऊ नका. बूट मात्र स्वतःचे, निदान दोन महिने वापरलेले, आणि विमानात पायातच घालून जा. पिशवी हरवली तर बाकी सगळं उसनं मिळेल, बूट नाहीत. कपाळावरची बॅटरी आणि जादा सेल, चालायच्या दोन काठ्या, राख बुटात जाऊ नये म्हणून गेटर, गडद गॉगल, ओठांचं मलम. विषुववृत्तावरचं ऊन थंडीतही कातडी सोलतं.

बायकांसाठी: उंची आणि प्रवासामुळे पाळी पुढेमागे होते, तारीख नसली तरी सामान जवळ ठेवा, आणि वापरलेलं सगळं बंद डब्यातून खाली आणा. रात्री उणे तापमानात दोन-तीनदा तंबूबाहेर जावं लागतं. रुंद तोंडाची बाटली आणि फनेल घेऊन जा आणि घरी एकदा सराव करा. मी लाजेपोटी पहिल्या खेपेला पाणीच कमी प्यायले, आणि ते मला महागात पडलं.

खाण्याची चिंता करू नका. शाकाहारी आहोत हे आधी कळवलं की आचारी सूप, भात, घेवड्याची उसळ, चपाती करतो. हो, तिथेही चपातीच म्हणतात, आणि चहाला चाय. शिवाय आलेपाक न्या. मळमळत असताना दुसरं काही जात नाही, आलेपाक जातो. मेतकूट आणि लिंबाचं लोणचंही.

वर गेल्यावर

'पोले पोले' हे शब्द दिवसातून शंभरदा कानावर येतात: हळू हळू. हा शिष्टाचार नाही, औषध आहे. आपल्या ट्रेकर मंडळींना पुढे जायची खोड असते. गाईडच्या मागे राहा, श्वास नाकानं घेता येईल तितकाच वेग ठेवा. दिवसाला तीन-चार लिटर पाणी. दारू नको, झोपेच्या गोळ्या नकोत.

या हळू चालण्यात डोंगर दिसतो. जंगलात काळी-पांढरी कोलोबस माकडं, आणि पायवाटेला लाल-पिवळं इवलं फूल, हत्तीच्या सोंडेसारखं वाकलेलं. नीट पाहा, तो तेरडा आहे, फक्त याच डोंगरावरचा. कासच्या तेरड्याचा हा भाऊबंद भेटल्यावर मी तिथे दहा मिनिटं बसून राहिले होते. बारांकोत माणसाहून उंच सेनेसिओची झाडं, वाळक्या पानांची गोधडी खोडाला गुंडाळून उभी असतात; थंडीपासून बचावाची त्यांची ती रीत.

उंचीचा त्रास जवळजवळ सगळ्यांनाच थोडाफार होतो: डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं. तेवढ्यानं घाबरायचं नाही, पण लपवायचंही नाही. डोकेदुखी वाढत गेली, तर तिथून वर जायचं नाही. दारू प्यायल्यासारखी चाल, असंबद्ध बोलणं, किंवा बसल्या जागी धाप आणि फेसाळ खोकला, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी, लगेच खाली. हे मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याचं लक्षण असतं आणि त्यानं माणूस दगावतो. गाईड सकाळ-संध्याकाळ बोटाला यंत्र लावून प्राणवायू मोजतात; आकडा चांगला आला म्हणून अंगात काय होतंय ते सांगायचं थांबू नका.

डायमॉक्स नावाची गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते. सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात. सल्फाची ॲलर्जी असेल तर धोका आहे. स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, आणि घरी एक-दोन दिवस घेऊन पाहा. ती दिवसांची भरपाई करत नाही. पाच दिवसांच्या खेपेला मीही घेतली होती.

शिखराची रात्र

बराफूला दुपारी पोहोचलात की जेवा, झोपा, पुन्हा जेवा. अकराला उठवतील. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून आणि सूर्यास्तापासून तास मोजतं, त्यामुळे हमाल 'सा सिता उसिकु', रात्रीचे सहा, म्हणाला तर गोंधळू नका. ते आपले बारा. झोपतानाच आतले कपडे चढवून ठेवा, सेल आणि फोन स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घ्या. पाण्याची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं, तोंड मोकळं राहतं. नळीच्या पिशवीवर विसंबू नका, नळी आधी गोठते.

मग १२०० मीटरचा चढ, सहा ते आठ तास, उणे १० ते २० अंश. बोलणं थांबतं. वर पाहू नका, दिव्यांची रांग आकाशात गेलेली दिसते आणि मन खचतं. पुढच्याच्या टाचा पाहा. सर्वांत वाईट वेळ चार ते साडेपाच. मी मनातल्या मनात रामरक्षा म्हणत होते, एका ओळीला चार पावलं. तासाला दोन घोट पाणी आणि एक घास, नको वाटला तरी.

स्टेला पॉइंटला मुखाचा काठ लागतो आणि बहुतेकदा तिथेच उजाडतं. मावेंझीच्या मागून सूर्य येतो, ढगांवर डोंगराची त्रिकोणी सावली पडते. तिथून उहुरू पाऊण-एक तास, चढ हलका. डावीकडे हिमनद्यांच्या उभ्या भिंती. १९१२ ते २००७ या काळात इथला सुमारे ८५ टक्के बर्फ गेला. जे उरलं आहे ते नीट पाहून घ्या. शिखराच्या फलकापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. झेंड्याबरोबर फोटो काढा आणि निघा.

उतार राखेतून, टाचा रोवून. काठ्या लांब करा, पुढची पावलं छोटी टाका, बराफूला तासभर पडा आणि मग म्वेका. या दुपारी अपघात सहज होऊ शकतात, कारण मन आधीच घरी पोहोचलेलं असतं. परतीचं विमान त्याच दिवशी कधीच ठेवू नका. मोशीत एक रात्र मोकळी राखा: एखादा दिवस वर जास्त लागला तर तो तिथून उचलता येतो.